रिकाम्या गावातली अकरा मिनिटं

फिलू,

तुझी अकरा मिनिटं माझ्या मोबाइलमध्ये आहेत. मागच्या गावपळणीपासून ती तिथेच पडून होती. मी ती पुसली नाहीत आणि आजपर्यंत कुणाला दाखवलीही नव्हती. तुझ्या सातव्या दिवसाच्या मिसाला मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले होते, तेव्हाही ती माझ्या पिशवीत होती. फादर तुझ्याबद्दल चांगलं बोलले. तू आजाऱ्यांना पाव नेऊन द्यायचीस, गाणाऱ्या बायकांत तुझा आवाज सगळ्यांत वर असायचा, असं सगळं. खोटं त्यात काही नव्हतं. पण तू भांडखोर होतीस, हे कुणीच म्हटलं नाही. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून गप्प बसले असतील. मला विचारशील तर तुझ्यातलं सगळ्यांत चांगलं तेच होतं. आता मी भांडू कुणाशी?

आपण दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. तू वेंगुर्ल्याकडची, पास्कूच्या पावाच्या भट्टीवर आलीस. मी कणकवलीची, मानकऱ्यांच्या घरात आले आणि गावच्या शाळेत बाई म्हणून लागले. मधे एक कुडाचं कुंपण. माझ्याकडे गणपतीचे मोदक झाले की तुझ्याकडे ताट यायचं आणि नाताळात तुझ्या नेवऱ्या माझ्याकडे. हे सगळेच शेजारी करतात. पण आमचे हे गेले तेव्हा तू जे केलंस ते सगळे करत नाहीत. भेटायला येणारे सगळे येऊन गेले, घर रिकामं झालं, आणि तू रोज दुपारी भट्टीची कामं आटोपून माझ्या पडवीत येऊन नुसती बसायचीस. समजूत घालायची नाहीस. एकदा मी वैतागून म्हटलं, काहीतरी बोल तरी. तर तू म्हणालीस की बोलायला माझ्याकडे काय आहे, मी फक्त तुला एकटीला सोडायला तयार नाही.

मग एक दिवस रॉबीने कुवेतहून मोबाइल पाठवला आणि तू तो घेऊन माझ्या दारात उभी. तुझ्या मुलाला आईच्या हातची शिरवाळी, नारळाच्या रसातल्या तांदळाच्या शेवया, बघायची होती. खायला मिळत नाहीत तर निदान बघतो, म्हणाला. तू चित्र घ्यायचंस, मी ते माझ्या मोबाइलवर घेऊन कापायचं-जोडायचं आणि मधे मधे बोलायचं, असं ठरलं. तयार झालेला तो सिनेमा मेसेजमधून काही जाईना, इतका मोठा. भाचीने सांगितलं की व्हिडिओच्या साइटवर चढवा, मग जगात कुठूनही दिसेल. तू लगेच नाव ठेवून मोकळी झालीस, ‘दोगी शेजारणी’. मी म्हटलं, ‘दोन शेजारणी’ लिही, लोक हसतील. तू म्हणालीस, हसूंदेत, हसण्यासाठीच तर बघतात. तुझंच नाव राहिलं.

रेंज गावात कुठे यायची? टॉवरच्या नावाने सगळी बोंब. म्हणून आपण सड्यावर, गावामागच्या कातळाच्या माळावर, चढायचो, काजीच्या झाडाखाली फतकल मारून बसायचो आणि मोबाइल दगडावर ठेवायचो. दहा मिनिटांचा सिनेमा चढायला दीड तास. शंभरातले चार झाले, नऊ झाले, मग तासभर नऊच. आपलं सगळं आयुष्य आपण त्या दीड-दीड तासांत एकमेकींना सांगून संपवलं. साइट दर वेळी विचारायची, हा व्हिडिओ मुलांसाठी आहे का? आणि दर वेळी तू मला विचारायचीस, म्हाताऱ्यांसाठी आहे म्हणून बटण का नाही गं. पहिल्यांदा मी हसले. पंधराव्यांदा चिडले. आज ते बटण शोधताना रडले.

आता गावपळणीचं.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की त्याला आपण थापा मारतोय असं वाटतं. चार-पाच वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल होतो आणि अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर जाऊन राहतो. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळी घरं. गाईम्हशी, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळं बरोबर न्यायचं. जिवंत असं काही गावात ठेवायचं नाही. ते तीन दिवस गाव देवाचा. कुणी शीव ओलांडून आत पाऊल टाकायचं नाही. पंचवीस-तीस वर्षांत आपण दोघींनी पाच-सहा गावपळणी केल्या, पण या वेळी तुझ्या हातात मोबाइल होता.

तू काय काय टिपलं होतंस फिलू! टेम्पोतून निघालेल्या शेळ्या. भाताच्या पोत्यात घातलेलं मांजर आणि पोत्याबाहेर आलेलं त्याचं रागावलेलं डोकं. खुर्चीत बसवून चौघांनी उचललेली खालच्या वाडीतली म्हातारी, जी वाटेत उचलणाऱ्यांना नीट धरा म्हणून शिव्या देत होती. पास्कूने भट्टीतले शेवटचे निखारे ओढून विझवले ते. ती भट्टी एरवी गुड फ्रायडेलाच तेवढी थंड पडते. मग व्हाळावरचा साकव, ओढ्यावरचा तो फळ्यांचा पूल, म्हणजे आपली शीव, आणि साकवापलीकडे सुरूच्या बनात उभ्या राहिलेल्या झावळ्यांच्या झोपड्या. रात्रीची भजनं, एकाच चुलीवर तुझं माझं जेवण. मला वाटलं होतं, आपला हा सगळ्यांत चांगला सिनेमा होणार.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि तू दिसेनाशी झालीस. तासा-सव्वा तासाने आलीस ती घामाघूम. काखेत कोंबडी, पदरात अंडी. तुझी ती खुडूक कोंबडी, जळणाच्या ढिगामागे अंड्यांवर बसलेली, निघायच्या घाईत तशीच राहिली होती. ती आणायला तू गेली होतीस. गावात. मी तुला झोपडीत ओढलं. कुणी पाहिलं का, विचारलं. तू म्हणालीस, माहीत नाही. आणि मग मोबाइल माझ्या हातात दिलास. तू तिथे जाताना चित्र घेतलं होतंस.

मी काय केलं ते आज स्पष्ट लिहिते. मी ते सुरुवातीपासून पाहिलं नाही. शेजारच्या झोपडीत माणसं होती म्हणून आवाज बंद केला आणि बोट मधेच कुठेतरी टेकवलं. आपल्या वाडीतली पाणंद दिसली, दोन्ही बाजूंना बंद दारं. माणूस नाही, कुत्रं नाही, चुलीचा धूर नाही. मी बंद केलं. बघायला नको ते बघितलं असं मला वाटलं.

आमच्या घराची गोष्ट तुला माहीत होती. माझे थोरले दीर, आबाभाऊजी, गावाचे मानकरी. देवापुढे गावाच्या वतीने उभं राहायचं ते त्यांनी. गावपळण पाळली जाते की नाही याची जबाबदारी त्यांची. आणि त्यांच्या भावजयीच्या सिनेमात मोडलेली गावपळण? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं मी मनाला सांगितलं. आणि खरं सांगू, तू ख्रिस्ती आहेस हेही माझ्या मनात आलं. आपल्यापैकी कुणी गेली असती तर बोंबाबोंब होऊन मिटलं असतं, तुझ्या बाबतीत मिटणार नाही, असं. हे मी तुझ्यासाठी म्हणत होते, असं मला त्या वेळी वाटलं. ‘आपल्यापैकी’ हा शब्द माझ्या डोक्यात आला तेव्हा तू त्यात नव्हतीस, हे मला आत्ता कळतं.

मी ती अकरा मिनिटं कापली. उरलेला सिनेमा छान जोडला, मागे बासरी लावली आणि आपण सड्यावर गेलो. तिथे तू तो पहिल्यांदा पाहिलास. मग विचारलंस, गाव कुठे आहे? मी म्हटलं, तो टाकता येणार नाही. तू म्हणालीस, मग ही गावपळण नाही, सुरूच्या बनातली सहल आहे. भांडण तिथून सुरू झालं. मी तुला नाही नाही ते बोलले. कोंबडीचं निमित्त होतं, तू ती मुद्दाम विसरलीस, तुला चित्र घ्यायचं होतं, असंही बोलले. तू एवढंच विचारलंस,

“सगळा बघितलंस?”

“बघूची गरज नाय माका.”

“आदी सगळा बघ शालन. मगे बोल.”

मी बघितलं नाही. हट्टी मी पण कमी नव्हते. तुझ्यासमोर चढवलं, नऊवर अडकलं, आणि तो दीड तास आपण दोघी पाठीला पाठ लावल्यासारख्या बसलो. तेवढ्यात तुला सांगता आलं असतं की त्यात काय आहे. तू सांगितलं नाहीस. तुझा मान तुला नडला आणि माझा मला.

त्यानंतर बोलणं तुटलं असं कुणी म्हणणार नाही. तुझे पाव येत होते, माझी भाजी जात होती. पण तू मोबाइल घेऊन पुन्हा माझ्या पडवीत आली नाहीस. मग तुला ताप धरला. मी पेज आणि सुक्या बांगड्याचं किसमूर घेऊन आले. तू दोन घास खाल्लेस आणि मीठ कमी आहे म्हणालीस. आपण हवेबद्दल बोललो. टॉवर कधी होणार त्याबद्दल बोललो. मी मनात ठरवून आले होते की आज म्हणायचं, फिलू, माझं चुकलं. तुझ्या खाटेपाशी बसून मी ते दोनदा ओठांवर आणलं. मग वाटलं, बरी होऊ दे, सड्यावर जाऊन म्हणू. तू चौथ्या दिवशी गेलीस.

तू गेल्यावर लोक बोलू लागले. कोंबडी घेऊन साकवावरून येताना तुला एका बाईने पाहिलं होतं. ती इतके महिने गप्प होती. आता तिला वाचा फुटली. पाणी भरताना, एसटीच्या थांब्यावर, पिठाच्या गिरणीत, एकच विषय. शीव वलांडल्यान, वर्स भरूक नाय. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही म्हणतात, पण मी धरू शकले असते. मी शाळेची बाई, मानकऱ्यांच्या घरातली. मी पिठाचा डबा उचलला आणि घरी आले.

मिसाच्या दुसऱ्या दिवशी पास्कू आला. नेहमीसारखे चार पाव पिशवीत. ते दिले आणि निघाला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. तुला माहीत आहे तो कसा आहे, लग्नापासून माझ्याशी एका वेळी तीन वाक्यांच्या वर बोललेला नाही.

“बाय, ती गावात गेल्ली काय? माका कायएक बोलाक नाय ती.”

मी म्हटलं, “माका म्हायत नाय, पास्कू.”

तो मान हलवत उभा राहिला. मग खाली बघून म्हणाला, “देवाक राग इलो आसतलो काय तिचो?”

मी पाव घेऊन आत वळले. तो बरं म्हणाला आणि गेला. तुझ्या नवऱ्याला वाटत होतं की तू शिक्षा होऊन मेलीस, फिलू. रात्रंदिवस त्याच भट्टीपुढे बसून तो हेच घोळवणार होता. आणि मी दार लोटून घेतलं.

पाव तसेच ठेवून मी मोबाइल घेतला. आवाज पूर्ण मोठा केला आणि सुरुवातीपासून लावलं.

सुरुवातीला काही दिसत नाही. तू मोबाइल बहुतेक छातीशी धरला होतास. साकवाच्या फळ्या दिसतात आणि तुझे पाय. ते पाय साकवाच्या टोकाला, गावात पाऊल टाकायच्या आधी, थांबतात. तू चपला काढतेस. आणि मग तुझा आवाज येतो, आणि तू गाऱ्हाणं घालतेस.

मी इतकी वर्षं आबाभाऊजींचं गाऱ्हाणं ऐकत आले. ते पुरुषांनी घालायचं, मानकऱ्याने घालायचं. एकेक मागणं देवापुढे मांडायचं, ‘रे म्हाराजा’ म्हणून थांबायचं, आणि जमलेल्यांनी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एकट्याने घालायची ती गोष्टच नाही. तू सगळं तस्संच करत होतीस. प्रत्येक मागण्यानंतर थांबत होतीस, जेवढं आबाभाऊजी थांबतात तेवढंच. पण तिथे व्हय म्हणायला कुणी नव्हतं. व्हाळाचं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

मी ते लिहून काढलं आहे. आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन घातलं, त्यातली ही शेवटची वही म्हण.

बा देवा म्हाराजा, मी फिलू, पास्कूची बायल. तुझ्या गावात ऱ्हवतंय, तुझ्याच पाण्यार वाढलंय. आज तुझो गाव रिकामो आसा आणि मी शिवेर उबी आसंय रे म्हाराजा.

माझी खुडूक कोंबी घराकडे ऱ्हवली. जिवंत कायएक गावात ऱ्हवाक नको म्हणतत, म्हणान तिका न्हेवक इलंय रे म्हाराजा.

इसारलंय ता खरा. पण इसारलंय म्हणान माका बरा वाटला, ताय खरा. माका एकदा गाव बघूचो होतो. माझ्या झिलान, रॉबीन, पाच वर्सां घर बघूक नाय, तेका दाखवतलंय. तुझ्यापासून काय लपवू रे म्हाराजा.

इथे मी मोबाइल थांबवला. सड्यावर मी तुला जे विचारलं होतं, मुद्दाम की चुकून, त्याचं उत्तर तू भांडणाच्या आधीच दिलं होतंस. तेही इतकं सरळ की मला दोष द्यायला जागा राहिली नाही. मी पाणी प्याले आणि पुन्हा लावलं. शेवटचं मागणं उरलं होतं.

काय चुकला-माकला तर माझ्या पदरात घाल. शालनक तेतूर धरू नको. ती मानकऱ्यांच्या घरातली, तिका यातला कायएक म्हायत नाय. तिका सांभाळ रे म्हाराजा.

मी तुझ्यापासून माझं घर वाचवत होते. आणि तू माझ्याही आधी, शिवेवर चपला काढून, मला वाचवून आली होतीस. त्या दुपारी मी जितकी रडले तितकी तू गेलीस त्या दिवशीही रडले नव्हते. लाजेचं रडणं होतं ते. ते लवकर थांबत नाही.

पुढची नऊ मिनिटं तू अनवाणी चालतेस. बंद दारं, ओस पाणंद, शाळेच्या व्हरांड्यात अर्धवट पुसलेला माझा फळा. खुरसाला, म्हणजे वाटेवरच्या क्रुसाला, घातलेली सुकलेली माळ. आबाभाऊजींच्या अंगणातली रिकामी आरामखुर्ची. पानं पडल्याचा आवाजसुद्धा येतो. माझ्या घराशी आल्यावर चित्र एकदम आडवं होतं आणि बराच वेळ आडवंच राहतं. माझं एक लुगडं दोरीवर विसरलं होतं, ते तू काढून घडी घालत होतीस. परत आल्यावर ते पडवीच्या कठड्यावर घडी केलेलं सापडलं होतं. मला वाटलं होतं, मीच ठेवलं असेल. मग तुझं घर येतं, आणि तू मुलाला म्हणतेस, “रॉबी, ह्या बघ तुझा घर. कोण नाय म्हणान रडा नको. सगळी भायर जेवतत.” मग जळणाचा ढीग, कोंबडीचा कांगावा, तुझं तिला रागावणं, आणि संपतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा चढले. वाटेत दोनदा बसले, गुडघे ऐकेनात. या वेळी काहीच कापलं नाही. बासरी काढून टाकली. जुना सिनेमा आणि त्यात जिथली होती तिथे तुझी अकरा मिनिटं, गाऱ्हाण्यासकट. ‘चित्रण’ म्हणून तुझं पूर्ण नाव घातलं. खाली माहिती लिहायच्या चौकटीत लिहिलं की हा भाग आधी मी कापला होता, न बघता कापला होता आणि इतके महिने लपवला होता. त्याखाली माझं नाव, सासरच्या आडनावासह. साइटने विचारलं, मुलांसाठी आहे का. मी नाही म्हटलं.

आबाभाऊजींना विचारून चढवावं असं मनात आलं नाही असं नाही. पण त्यांनी नको म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं. मला माझी खात्री नव्हती, म्हणून विचारलं नाही. घरातून बाहेर काढतील, गाव गोळा करतील, निदान देवळाच्या कामातून मला कायमचं बाजूला करतील, हे सगळं मी काजीच्या झाडाखाली बसून मोजून घेतलं. सव्वातीन तास लागले. नऊवर अडकलं तेव्हा शेजारी बघितलं, सवयीने. मग शंभर झालं आणि मी ते रॉबीला पाठवलं, पास्कूला पाठवलं आणि गावच्या ग्रुपवर टाकलं.

रॉबीचा फोन लगेच आला. आपापल्या बाजूने आम्ही फोन कानाला धरून बसलो.

ऊन कलतं झालं तेव्हा आबाभाऊजींच्या सुनेने कुंपणाजवळून हाक मारली. मामंजींनी बोलवलंय, म्हणाली, आणि मोबाइल घेऊन या म्हणालेत. चोराच्या मनात चांदणं, मी मोबाइल पदराखाली धरून निघाले. अंगणात गेले तर ते आरामखुर्चीत बसले होते आणि समोर चौथऱ्याच्या कडेला पास्कू, टोपी हातात घेऊन. त्यालाही बोलावून घेतलं होतं. आणखी कुणी नव्हतं. आबाभाऊजींना हल्ली दिसत नाही म्हटलं तरी चालेल, मोतीबिंदू पिकलेत. त्यांनी ग्रुपवरचं काही पाहिलं नव्हतं, कुणीतरी येऊन सांगितलं होतं.

मी म्हटलं, “भाऊजी, चूक माझी आसा. मी लपवलंय.”

“ता मगे. आदी लाव.”

मी मोबाइल त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला. साकवाच्या फळ्या वाजल्या. तुझ्या चपला काढल्याचा आवाज आला. तू बोलायला लागलीस आणि आबाभाऊजींनी मान पुढे काढली, कान मोबाइलकडे केला. गाऱ्हाणं आहे हे त्यांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. पहिलं मागणं मांडून तू थांबलीस. व्हाळाचं पाणी ऐकू आलं. मी जमिनीकडे बघत होते.

तू कोंबडीचं सांगितलंस आणि थांबलीस. आबाभाऊजींनी खुर्चीचा दांडा धरला आणि कष्टाने उभे राहिले. देवापुढे राहतात तसे, पंचा सारखा करून, हात जोडून. आणि अगदी हळू म्हणाले, “व्हय म्हाराजा.”

पास्कूने चमकून वर बघितलं. मग तोही उठला.

तू झिलाचं सांगितलंस, तुझ्यापासून काय लपवू म्हणालीस आणि थांबलीस. आता दोघं म्हणाले.

मग तू माझं नाव घेतलंस. शालनक तेतूर धरू नको, म्हणालीस. तिका सांभाळ रे म्हाराजा, म्हणालीस, आणि थांबलीस.

मला तोंड उघडता आलं नाही, फिलू. त्या दोघांनी म्हटलं, “व्हय म्हाराजा.”